पाचवी पाकळी कुठे जाते?

टॅबलेटवर काढलेलं माझं पहिलं जास्वंदीचं फूल घरच्या ग्रुपवर टाकलं आणि पाच मिनिटांत अंगठ्यांची, पुष्पगुच्छांची रांग लागली. "अगं, अगदी खरं वाटतंय!" हा मावशीचा शेरा. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्या सगळ्या कौतुकाने चित्रातली एक रेघ जागची हलली नसती. म्हणून टॅबलेट घेऊन तळमजल्यावरच्या बाईंकडे गेले. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. "कसं झालंय?" असं विचारलं असतं तर त्यांनीही भिडेखातर "छान" म्हटलं असतं. मी विचारलं, "बाई, हे फूल कागदाचं का वाटतंय?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि म्हणाल्या, "तुझी पाचवी पाकळी पहिलीच्या वर आहे की खाली?"

मला प्रश्नच कळला नाही. "मग जा, कुंपणाशी जाऊन बघून ये."

देवासाठी रोज खुडतो ते हे फूल. हातात हजारदा घेतलं असेल, पाहिलं त्या दिवशी. साध्या, एकेरी जास्वंदीची कुठलीही पाकळी धरा: तिची एक कड एका शेजारणीच्या वर असते आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली. पाचही जणींची हीच तऱ्हा. मग सगळ्यांत वरची कोण? कुणीच नाही. सगळ्यांत खालची? तीही नाही. चिकटपट्टी संपली की आपण खोक्याची चार झाकणं एकमेकांत अडकवून बसवतो ना, तसा हा डाव आहे. शेजारच्या फांदीवरचं फूल पाहिलं तर त्याचा फिरका उलटा. एकाच झाडावर उजवी फुलं आणि डावी फुलं!

वर येऊन चित्र उघडलं आणि चोरी सापडली. मी प्रत्येक पाकळी वेगळ्या लेयरवर काढली होती. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक काचा. पहिली पाकळी तळाला, म्हणून तिच्या दोन्ही कडा झाकलेल्या. पाचवी माथ्यावर, म्हणून तिच्या दोन्ही कडा उघड्या. चळत कशीही लावा, कुणीतरी वर आणि कुणीतरी खाली राहणारच. म्हणजे पाच अखंड पाकळ्या पाच काचांवर ठेवून खरी जास्वंद काढताच येत नाही. हात कच्चा असेलही, पण इथे तो बिचारा निर्दोष होता.

गंमत म्हणजे याच गाठीशी कॉम्प्युटर ग्राफिक्सवाले १९७२ च्या सुमारास झुंजत होते. पडद्यावर देखावा उभा करायची एक सोपी रीत आहे: आधी लांबचे डोंगर रंगवा, मग झाडं, मग त्यांच्यावर जवळचं घर. चित्रकारासारखी, म्हणून तिचं नावच 'पेंटर्स अल्गोरिदम'. पण तीन वस्तू गोल फिरून एकमेकींवर रेलल्या, की आधी कुठली आणि नंतर कुठली हे ठरवताच येत नाही. मार्टिन नेवेल, डिक नेवेल आणि टॉम सांचा यांनी त्या वर्षी मांडलेल्या पद्धतीत यावर उतारा होता: अशी फेरी सापडली की त्यातल्या एकीचे तुकडे करा. मीही तेच केलं. पहिल्या पाकळीची प्रत काढून सगळ्यांत वरच्या लेयरवर ठेवली, तिची पाचवीवर रेलणारी कड तेवढी राखली, बाकीची पुसली. फूल एकदम फिरू लागलं.

त्या पहिल्या भेटीतच बाईंचं दुसरं बोट सावलीवर पडलं होतं. "इथे काजळी कुठून आली?" पाकळ्यांच्या बेचक्यात मी लालमध्ये काळा मिसळला होता. खऱ्या फुलात तिथे काळपट नसतं, गर्द लाल असतं, आणि त्याचा हिशेब फार सुरेख आहे. समजा, पाकळी पडलेल्या लाल प्रकाशातला १०० पैकी ८० भाग परत पाठवते आणि हिरव्यातला १०. तो प्रकाश समोरच्या पाकळीवर आपटून पुन्हा परतला, की लाल उरतो ६४ आणि हिरवा फक्त १. उजेड कमी झाला, पण आठास एक असलेलं लालचं प्रमाण चौसष्टास एक झालं! फूल जितकं खोल, तितकी सावली लाल. चित्राच्या ॲपमधला 'मल्टिप्लाय' मोड नेमका हाच गुणाकार करतो. इतके दिवस मी तो उगाच कठीण समजून टाळत होते.

तिसरी सूचना करून पाहायची होती: चित्र क्षणभर कृष्णधवल कर. केलं, आणि फूल पानांत बुडून गेलं. लाल-हिरवा इतका भडक विरोध, पण उजळपणा दोघांचा जवळजवळ सारखा. पडद्यावरच्या पांढऱ्यात उजेडाचा सुमारे ७२ टक्के वाटा हिरव्याचा असतो, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. त्यामुळे पूर्ण जोरातला शुद्ध लालही आपल्याला वाटतो तेवढा उजळ नसतोच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये याच्या लक्षात आलं होतं, की दिवसा झगमगणारी लाल फुलं अंधूक उजेडात पानांपेक्षाही काळी दिसतात. संध्याकाळी गॅलरीतून कुंपणाकडे बघा, पटेल. मी मागची पानं गडद केली. काम झालं.

आरशात धरल्यासारखं चित्र उलटवून पाहायलाही त्यांनी सांगितलं; लिओनार्दो दा विंचीही चित्रकारांना आरसा वापरायला सांगे. उलटवल्यावर फूल डावीकडे कललेलं निघालं. ते दोन मिनिटांत सरळ झालं.

दुरुस्त चित्र घेऊन उत्साहाने पुन्हा खाली गेले. बाईंनी बराच वेळ पाहिलं, मान हलवली. मग मधल्या दांड्याच्या टोकावर बोट ठेवलं. "हे काय, काडेपेटीतली काडी? टोकाला किती बोंडं असतात?"

ती पाच असतात, हे आता ठाऊक आहे. पुंकेसरांच्या नळीतून बाहेर डोकावणारी, मखमली. पण त्या संध्याकाळी मी कुंपणाशी पोचले तोवर फुलाचा दिवस सरला होता. पाकळ्यांनी स्वतःला पीळ घालून मिटलेल्या छत्रीसारखं गुंडाळून घेतलं होतं. शेजारी उद्याची एक कळी होती. तिच्या टोकाशी पीळ दिसत होता. उजवा.