चार माणसांचं दुकान, बारा तासांचा दिवस

शारदीय नवरात्र जवळ आलं की तुळजापुरात माणसं कमी पडू लागतात. हॉटेलात वाढपी हवा असतो, लॉजवर रात्रीला कुणीतरी हवं असतं, प्रसाद-कुंकवाच्या नि कवड्यांच्या माळांच्या दुकानात गिऱ्हाईक सांभाळायला माणूस हवा असतो. पार कोजागरीपर्यंत पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत गर्दी हटत नाही. मालकाची वर्षाची कमाई याच दिवसांत होते. कामगाराचे तास मात्र कुठेच लिहिले जात नाहीत. ‘जेवणखाण आपल्याकडंच आहे, वर सणाला खुशी देतो,’ असा तोंडी हिशेब ठरलेला असतो.

कायद्याला हा हिशेब मान्य नाही.

धाराशिव जिल्ह्यात मोठे कारखाने थोडे. रोजगार मिळतो तो सोलापूर आणि उमरग्याच्या रस्त्यांवरच्या ढाब्यांत, गॅरेजांत, कापडदुकानांत, भूम परिसरातल्या खव्याच्या भट्ट्यांवर. बहुतेक ठिकाणी दोन-चार माणसं. त्यामुळे ‘आपल्याला कुठला आलाय कायदा’ हा समज घट्ट बसला आहे. त्याचं मूळ शॉप ॲक्टमध्ये सापडतं. महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीतून सूट दिली, त्यांनी फक्त कळवायचं. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसपर्यंत न्यायला मंजुरी दिली. पण ही सूट किमान वेतनातून नाही. 1948च्या किमान वेतन कायद्याखाली अनुसूचीतल्या उद्योगात एक माणूस कामाला असला तरी ठरलेला दर द्यावा लागत होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेने तर अनुसूचीची अटही काढून टाकली.

जादा कामाच्या पैशांत सगळ्यात जास्त घोळ होतो. समजा, एका वाढप्याला महिना 13,000 रुपये ठरले आहेत. महिन्याचे कामाचे दिवस 26 धरले, तर रोज पडला 500 रुपये. आठ तासांच्या पाळीत एका तासाचे साडेबासष्ट. आठ तासांनंतरच्या प्रत्येक तासाला दुप्पट, म्हणजे 125 रुपये. तो बारा तास राबला, तर वरच्या चार तासांचेच 500 होतात. म्हणजे चार तास जास्त थांबवून घेतलं की त्या दिवसाचा पगार दुप्पट होतो. नवरात्रात दोनशे रुपये हातावर ठेवणाऱ्या मालकाने हे गणित एकदा कागदावर मांडून पाहावं. कदाचित त्याला दुसरा माणूस ठेवणंच परवडेल, आणि कायद्याला हवं आहे तेही हेच.

दुप्पट कशाच्या? हा वाद नागपूरच्या कर्मचाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. 1972 मध्ये निकाल लागला: दुप्पट ही सरकारी किमान दराची नव्हे, कामगाराला प्रत्यक्षात मिळणाऱ्या पगाराची. म्हणून जो मालक किमान दरापेक्षा चार पैसे जास्त देतो, त्याने जादा तासांचा हिशेबही त्याच वाढीव पगारावर करायचा.

‘तो स्वतःच कमी पैशांत तयार झाला’ हे उत्तर तर टिकतच नाही. किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल ठरतो, मग त्यावर कामगाराचा अंगठा असो की सही. दुष्काळाची झळ सोसलेल्या मराठवाड्याने एक निकाल मुद्दाम लक्षात ठेवावा. राजस्थानात दुष्काळी कामावरच्या मजुरांना किमान दरापेक्षा कमी मजुरी दिली गेली, तेव्हा 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला वेठबिगारी म्हटलं. काम मदतीचं होतं आणि देणारं सरकार होतं, तरीसुद्धा. उचल देऊन माणूस बांधून ठेवणं आणि ती फिटेपर्यंत नाममात्र मजुरीवर राबवणं हा 1976च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तिथे नाममात्र म्हणजे किमान वेतनापेक्षा कमी. ऊसतोडीच्या उचलीशी वाढलेल्या या भागात ही गोष्ट भट्टीवरच्या आणि ढाब्यावरच्या माणसालाही तितकीच लागू होते.

प्रामाणिक मालक अडकतो तो बहुधा वहीपायी. पैसे दिलेले असतात, पण पुरावा नसतो. कामगाराने कमी पगाराचा दावा केला, तर पैसे दिल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी वेतन संहितेने मालकावर टाकली आहे. दावा करायला पूर्वी सहा महिन्यांची मुदत होती, आता ती तीन वर्षं झाली आहे. पहिल्यांदा कमी वेतन दिल्याबद्दल दंड 50,000 रुपयांपर्यंत; पाच वर्षांत पुन्हा तेच केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

त्यामानाने करायचं काम थोडं आहे. हजेरीच्या वहीत रोज येण्याची आणि जाण्याची वेळ लिहायची, जादा तास वेगळ्या रकान्यात मांडायचे, पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत शक्यतो बँकेतून द्यायचा आणि पगारचिठ्ठी हातात ठेवायची. काम सोडणाऱ्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा. राज्यात किमान वेतनातला विशेष भत्ता महागाईनुसार जानेवारी आणि जुलैमध्ये बदलत आला आहे, आणि दर गावाच्या परिमंडळाप्रमाणे वेगळा असतो. तो जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात विचारता येतो. मालकालाही, आणि कामगारालाही.