आधी टायर, मग लिफ्ट

गेल्या पावसाळ्यात भाचा आपली इसुझु व्ही-क्रॉस घेऊन दारात आला, तेव्हा गाडी ओळखूच येईना. "मामा, दोन इंच लिफ्ट केली. टायर तेहतीसचे!" मागच्या सीटवरून भावजी उतरले, उतरले कसले, उडीच मारली, आणि गुरगुरले, "इष्ट दोड्डद याक बेक?" ताईला तर हात धरून उतरवावे लागले.

भावजींचा प्रश्न रास्त होता. कारण चोर्ला घाटाच्या वळणांवर स्टीअरिंग पूर्ण फिरवले की पुढचा टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासत होता. ज्या दुकानात काम केले तिथला सल्ला एवढाच, की प्लास्टिक कापून टाका!

मी कॉलेजात भाषा शिकवतो. पण टायरवरचे आकडे वाचायला त्रैराशिक पुरते. गाडीचे मूळ माप २५५/६० आर १८. म्हणजे रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ६० टक्के म्हणजे १५३, आणि रिम १८ इंची. रिमचे ४५७ आणि वर-खाली मिळून ३०६, असा एकूण व्यास सुमारे ७६३ मिलिमीटर. भाच्याने घातले होते २८५/७० आर १७. त्याचा व्यास ८३१, म्हणजे जवळजवळ ९ टक्के जास्त. मीटरवर ८० दिसते तेव्हा गाडी ८७ ने पळत असते. शिवाय जड चाक फिरवायला घाटात इंजिनाला ओढ बसते, आणि तेच चाक थांबवायला ब्रेकलाही जास्त जोर लागतो. घरची माणसे बसतात त्या गाडीत मला ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

आता लिफ्टचे बघा. सस्पेन्शन उचलले की बॉडी वर जाते, पण मागचा ॲक्सल आहे तिथेच राहतो. त्याच्या मधला गोळा, म्हणजे डिफरन्शियल, दगडाला लागायचा तो लागणारच. तो वर जातो फक्त टायरमुळे, आणि तोही व्यासवाढीच्या निम्माच. ६८ मिलिमीटर वाढवून खाली मिळाले ३४! शिवाय पुढची बाजू उचलली की ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांचा कोन वाढतो आणि ते लवकर झिजतात. म्हणून आधी टायर ठरवावा, आणि तो बसण्यापुरतीच लिफ्ट करावी. बहुतेक पोरे उलट करतात.

घासण्याचे खरे कारण मात्र रिममध्ये निघाले. रिम हबपासून किती आत बसते याला ऑफसेट म्हणतात. नवी रिम बाहेर झुकलेली होती, त्यामुळे वळताना टायर मोठा घेर घेत होता. सहा बोल्ट जुळले म्हणजे रिम जुळली असे नव्हे. पिकअपला टायरची भारक्षमताही बघावी लागते. टायरवर ११२ आकडा असेल तर एका टायरवर ११२० किलो. मागे खताची पोती टाकणाऱ्याने त्याखाली जाऊ नये.

कायद्याचीही गोष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला परस्पर करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले. अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच विचारणार.

शेवटी कंपनीची रिम परत चढली आणि टायर घेतले २६५/६० आर १८. टोयोटाच्या हायलक्सला कंपनीतूनच येते ते माप. व्यास ७७५, फरक दीड टक्का. खालची उंची वाढली जेमतेम ६ मिलिमीटर. पण जांबोटीकडच्या शेताच्या चिखलात उंचीपेक्षा नक्षी कामी येते, आणि हे टायर ऑल-टेरेन आहेत. घासणे थांबले. ताईसाठी बाजूला पायरी बसवली.

लिफ्ट काढायची की नाही यावर बापलेकांचे अजून जमलेले नाही. वाद कन्नडमध्ये सुरू होतो, आणि ताई चहा घेऊन आली की मराठीत चालू राहतो.