भेगेचा वेग

डांबराच्या ढेकळावर हातोडी मारली की त्याच्या ठिकऱ्या उडतात. तेच डांबर ब्रिस्बेनच्या क्वीन्सलंड विद्यापीठात १९२७ मध्ये नरसाळ्यात ओतलं, १९३० मध्ये खालचं तोंड उघडलं आणि २०१४ पर्यंत त्यातून नऊ थेंब पडले. पदार्थ एकच, त्याला सवड किती मिळाली, एवढाच फरक.

पोलादालाही अशी सवड लागते. पत्र्यात बारीक भेग असली की ताण तिच्या टोकाशी एकवटतो. भार सावकाश चढला तर टोकापाशी अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, टोक बोथट होतं, भेग अडते. भार झटक्यात आला तर थर सरकायला वेळ मिळत नाही आणि पोलादाचे स्फटिक सरळ चिरतात. थंडीही हेच करते, कारण थर सरकायला अणूंच्या उष्ण थरथरीची मदत लागते. खाच पाडलेल्या पोलादी तुकड्यावर लंबकाचा हातोडा सोडतात ती शार्पी चाचणी यासाठीच. खाच भेगेच्या जागी, हातोडा झटक्याच्या.

पण १६ जानेवारी १९४३ च्या थंड रात्री अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला उभ्या असलेल्या ‘स्केनेक्टडी’ या कोऱ्या तेलवाहू जहाजाला कोणीही झटका दिला नव्हता. पाणी शांत होतं. तरी प्रचंड आवाज झाला आणि जहाज डेकपासून दोन्ही बाजूंनी खाली फाटत गेलं. फक्त तळाचे पत्रे शाबूत राहिले.

झटका भेगेनंच आणला, आणि या शास्त्रातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट हीच. भेग सुटली की तिच्या पुढ्यातलं पोलाद क्षणार्धात ताणलं जातं, म्हणून ते ठिसूळ वागतं, आणि ठिसूळ पत्र्यात भेग आणखी वेग घेते. सावकाश ओढला असता तर वाकला असता, तो पत्रा तिच्यापुढे टिकत नाही.

सुरुवातीला दोष वेल्डिंगवर ढकलला गेला. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिलं, की ठरावीक तापमानाखाली ते पोलादच ठिसूळ होत होतं. वेल्डिंगनं मात्र सगळे पत्रे एकसंध केले होते. रिव्हेटच्या जहाजात भेग पत्र्याच्या कडेशी थांबायची. म्हणून मग वेल्ड केलेल्या जहाजांच्या डेकमध्ये मुद्दाम लांब फटी कापून त्यांवर रिव्हेटनं पट्ट्या ठोकल्या. धावत आलेल्या भेगेला तिथून पुढे फाडायला सलग पत्राच मिळत नसे.