बाणाची धाव आणि अंतरमापक

धनुष्यातून सुटलेला बाण पहिल्या क्षणापासूनच खाली झुकू लागतो, म्हणून नेम धरण्याआधी अंतर ठाऊक असावे लागते. आजच्या कंपाउंड धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण 80 मीटर वेगाने जातो. हरीण 35 मीटरवर असताना धनुर्धराने 30 मीटर समजून नेम धरला, तर हवेचा अडथळा सोडला तरी बाण सुमारे 13 सेंटिमीटर खाली लागतो. बाणाच्या दसपट वेगाच्या बंदुकीच्या गोळीत हीच चूक जेमतेम सव्वा मिलिमीटरची होते. हरणाच्या छातीतला हृदय-फुफ्फुसांचा भाग 20 ते 25 सेंटिमीटर रुंद असतो. त्याच्या मध्यावर धरलेला नेम 13 सेंटिमीटर चुकला, की जनावर मरत नाही, जखमी होऊन रानात पळते. अमेरिकेत जिथे धनुष्याने शिकार कायदेशीर आहे, तिथे शिकाऱ्याच्या खिशात लेझर अंतरमापक, म्हणजे रेंजफाइंडर, असतो तो यासाठी.

हे यंत्र डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा स्पंद सोडते आणि तो आदळून परत यायला लागलेला वेळ मोजते. 30 मीटरवर जाऊन परतायला प्रकाशाला सेकंदाचा अवघा 50 लाखावा भाग लागतो.

खरेदी करताना खोक्यावरच्या ‘1000 मीटर’ या आकड्याला भुलण्याचे कारण नाही. तो आकडा चकचकीत फलकासारख्या वस्तूसाठी असतो. जनावराच्या कातडीवरून फार कमी प्रकाश परततो. शिवाय बाणाचे सारे काम 50 मीटरच्या आत. त्यापेक्षा यंत्र पाच-सहा मीटरपासून मोजते का, आकडा सांजवेळी वाचता येतो का, हे पाहावे. काळ्या अक्षरांचा पडदा गर्द झाडीच्या पार्श्वभूमीवर दिसेनासा होतो. लाल उजळणारे आकडे तिथे उपयोगी पडतात. गोल्फसाठी बनलेले यंत्र घेऊ नये, कारण झेंडा आणि मागची झाडे यांतली जवळची वस्तू निवडणे हे त्याचे काम. शिकाऱ्याला उलट हवे असते: पुढचे गवत सोडून मागचे जनावर. यंत्र मीटर दाखवते की यार्ड, हेही आधी तपासावे. 30 यार्ड म्हणजे 27.4 मीटर, आणि नेमक्या इतक्याच गोंधळाने बाण वाया जातो.

उतारावर आणखी एक गोष्ट आडवी येते. गुरुत्वाकर्षणाचा हिशेब तिरप्या रेषेचा नसून आडव्या अंतराचा असतो. 30 अंशांच्या उतारावर खाली 40 मीटर दिसणारे लक्ष्य बाणाच्या दृष्टीने 35 मीटरवरच असते. कोन मोजणारी यंत्रे हे आडवे अंतर थेट दाखवतात. मचाणासाठी मात्र या सोयीची जाहिरात अंमळ फुगवलेली असते. सहा मीटर उंचीच्या मचाणावरून बुंध्यापासून 20 मीटरवरचे जनावर तिरप्या रेषेने 20.9 मीटर भरते. फरक एक मीटरचाही नाही.

वापरात अनुभवी लोक जनावर येण्याची वाट पाहत नाहीत. जागेवर बसताच जवळची झाडे, दगड, पायवाटेचे वळण मोजून ठेवतात, कारण ऐनवेळी हात हलला की जनावर सावध होते. अंतर अचूक कळले तरी बाण लांबवर सोडण्याची मुभा मिळत नाही. प्रत्यंचेचा आवाज 30 मीटरवर सेकंदाच्या अकराव्या भागात पोहोचतो, बाण मात्र त्यानंतर पाव सेकंदाहून थोड्या अधिक काळाने. तेवढ्यात हरीण खाली दबते आणि अंतरमापकाला याचा पत्ता नसतो.

भारतात मात्र अशी शिकार करता येत नाही. मुंबईत जोगेश्वरीच्या पूर्वेला आरे आणि पलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे बिबटे आणि चितळ असले तरी धनुष्य घेऊन जाता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत प्रयत्नही मोजला आहे, आणि ‘शस्त्रा’च्या व्याख्येत तीरकामठा नावानिशी येतो. मग महाराष्ट्रात धनुष्य उरते ते मैदानात. साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे 2023 मध्ये बर्लिनमध्ये कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले, पण तिथे लक्ष्य नेमके 50 मीटरवर असते, मोजायचे काहीच नसते. रानातल्या मार्गावर खेळल्या जाणाऱ्या फील्ड तिरंदाजीत काही लक्ष्यांचे अंतर मुद्दाम सांगितले जात नाही, आणि तिथे अंतरमापकाला बंदी आहे. अंदाज हीच तिथली परीक्षा.

जंगलात हे यंत्र आज भारतात दिसते ते प्राणिगणनेत. ठरवलेल्या सरळ वाटेने, म्हणजे ट्रान्झेक्टवरून चालताना चितळ दिसले, की लेझरने अंतर आणि होकायंत्राने कोन घेतला जातो. 60 मीटर अंतर आणि वाटेशी 30 अंशांचा कोन आला, तर जनावर वाटेपासून आडवे 30 मीटरवर आहे. अशा नोंदींवरून लांबची किती जनावरे नजरेतून सुटली असतील याचा हिशेब होतो आणि घनता निघते. अंतर डोळ्यांनी अंदाजून लिहिले, तर नोंदी 20, 30, 50 अशा गोल आकड्यांभोवती गोळा होतात. लेझरने 43 दाखवले, तर वहीत 43 च लिहिले जातात.