जुना वाइस घेताना रंग पाहू नका, आटे पाहा

सुतारकाम म्हटले की रंधा, करवत आणि पटाशी डोळ्यांसमोर येतात. लाकूड घट्ट धरून ठेवणाऱ्या साधनाची आठवण मात्र क्वचितच कोणाला होते. आपल्याकडचे कित्येक सुतार आजही जमिनीवर बसून, फळी पायाने दाबून काम करतात. या पद्धतीत मोठे कसब आहे, यात शंका नाही. परंतु पाठ आणि गुडघे दिवसभर जुंपलेले राहतात आणि पटाशी घसरली तर ती पायावरच येते. दाराची चौकट मोठी असेल तर ती धरायला एक माणूस वेगळा लागतो व त्याची रोजची मजुरी द्यावी लागते. कामाच्या टेबलाला वाइस बसवला की ही मजुरी वाचते आणि कारागिराचे दोन्ही हात मोकळे होतात.

आम्ही कापडाचे व्यापारी. सुतारकाम हा आमचा धंदा नव्हे. पण आमच्या दुकानातील काउंटर आणि फळ्यांचे काम करणाऱ्या एका तरुण सुताराला स्वतःचे दुकान मांडायचे होते. त्याच्याबरोबर आम्ही जुन्या लोखंडाच्या बाजारात फिरलो. नवा चांगला वाइस त्याच्या खिशाला परवडणारा नव्हता आणि स्वस्तातला नवा त्याच्या मनाला पटत नव्हता. अखेर गंज चढलेला ७ इंची जुना वाइस घेतला, दुरुस्त केला आणि टेबलाला बसवला. त्यातून जे शिकायला मिळाले ते नव्याने धंदा सुरू करणाऱ्यांना उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडत आहोत.

खरेदी करताना

प्रथम हे लक्षात ठेवावे की फिटरचा वाइस आणि सुताराचा वाइस या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फिटरचा वाइस टेबलाच्या वर बसतो आणि त्याच्या जबड्यांना दाते असतात. सुताराचा वाइस टेबलाच्या खालून बसतो. त्याचे जबडे रुंद व सपाट असून त्यांवर लाकडी फळ्या लावायला भोके असतात. इंग्लंडमधील शेफील्ड येथे सी. अँड जे. हॅम्प्टन कंपनीने 'रेकॉर्ड' या नावाने काढलेले वाइस या प्रकारात नावाजलेले आहेत. त्यांतील ५२ नंबरचा जबडा ७ इंचांचा आणि ५३ नंबरचा साडेदहा इंचांचा असतो.

कापडाच्या बाजारात आम्हांला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. खळ जास्त असेल तर विरळ कापडही भरीव वाटते. एक धुणे झाले की खरे पोत कळते. जुन्या वाइसवरचा ताजा रंग म्हणजे अशीच खळ समजावी. त्याखाली तडा किंवा वेल्डिंग असू शकते. वाइसचे अंग बिडाचे असते आणि बीड वाकत नाही, तुटते. म्हणून जबडा हलकेच ठोकून पाहावा. आवाज खणखणीत आला तर बरे. बद्द आला तर तडा शोधावा. नंतर स्क्रूचे आटे पाहावेत. काही नमुन्यांत खटका दाबला की अर्धा नट स्क्रूपासून सुटतो आणि जबडा एकदम पुढे-मागे सरकवता येतो. असा वाइस लाकडाचा तुकडा धरून करकचून आवळावा. नट घसरला तर कारण दोनांपैकी एक: स्प्रिंग सैल आहे किंवा आटे झिजले आहेत. स्प्रिंग थोडक्या पैशांत मिळते. नट नवीन करून घेणे महाग पडते, म्हणून असा माल सोडून द्यावा. गंजाला मात्र घाबरू नये. वरवरचा गंज निघतो.

दुरुस्ती

मागच्या टोकाच्या पिना व पट्टी काढून पुढचा जबडा ओढून घ्यावा. अडला तर हातोडा मारू नये. सांध्यांत रॉकेल सोडून रात्रभर ठेवावे. मग तारेच्या ब्रशाने घासावे आणि दांड्यांवर बारीक पॉलिश पेपर फिरवावा. तेजाबाच्या वाटेला जाऊ नये. गंजाबरोबर तो आटेही खातो. जुन्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा तो ओला करूनच खरवडावा, तोंडावर मास्क बांधावा आणि मुलांना दूर ठेवावे. नवा रंग फक्त बिडाच्या अंगाला द्यावा. दांड्या, आटे आणि दांड्यांची भोके यांना लागू देऊ नये. शेवटी घट्ट ग्रीस भरण्याचा मोह टाळावा. त्यात भुसा चिकटून चिखल होतो. आट्यांना पातळ तेलाचे थेंब आणि दांड्यांना मेण पुरेसे आहे.

बसवणे

उजव्या हाताने काम करणाऱ्याने वाइस टेबलाच्या डाव्या टोकाला, पायाजवळ बसवावा. तेथे टेबल हलत नाही. लोखंडी जबड्याची वरची कड टेबलाच्या पृष्ठभागापासून सुमारे अर्धा इंच खाली राहावी, नाहीतर रंध्याचे पाते लोखंडावर आपटेल. ही उंची साधण्यासाठी टेबल आणि वाइस यांच्यामध्ये जाड लाकडी ठोकळा द्यावा. स्क्रूवर विसंबू नये. आरपार बोल्ट घालून खाली वॉशर लावावेत आणि बोल्टची डोकी लाकडात बुडवावीत. दोन्ही जबड्यांना सागवान किंवा शिसमाच्या फळ्या लावाव्यात व त्यांच्या वरच्या कडा टेबलाच्या बरोबरीने रंधून घ्याव्यात. मागची फळी टेबलाच्या कडेशी एका रेषेत असावी, म्हणजे लांब फळीला टेबलाचाही आधार मिळतो. जबडे मिटताना वरच्या कडा किंचित आधी टेकतात, हा दोष समजू नये. वाइस आवळल्यावर ते समांतर यावेत म्हणून तशी रचना केलेली असते.

धंद्याचा हिशेब

आमच्या माहितीतील या सुताराने आता कपाटांचे खण आणि खिडक्यांच्या चौकटी एकट्याने करायला सुरुवात केली आहे. मदतनीस त्याला दार बसवण्याच्या दिवशीच लागतो. वाइसवर झालेला खर्च किती दिवसांच्या मजुरीत निघतो, हे प्रत्येकाने आपापल्या गावच्या दराने मांडून पाहावे. ज्यांच्या हाती हुन्नर आहे त्यांनी असे वाइस दुरुस्त करून विकण्याचा जोडधंदाही करावा. मात्र तडा वेल्डिंगने सांधलेला असेल तर तसे गिऱ्हाइकाला आधी दाखवावे आणि भाव त्याप्रमाणे सांगावा. रंगाखाली दडवलेला तडा दुकानात दिसत नाही, पण गिऱ्हाईक तो आवळताच दिसतो आणि ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही.