गाव कामण, नाव...?

वसई-दिवा गाडीने कामण रोडला उतरलं, की आपल्याला दिसतो फक्त चिंचोटीचा धबधबा. पुढच्या वेळी जरा पायाखालच्या मातीकडेही बघा. पंख फडकावत, लगबगीने धावणारी सडपातळ गांधीलमाशी दिसली, तर ती बहुधा कोळ्यांची शिकारीण, पॉम्पिलिडी कुलातली.

बाईंचा फंडा डेंजर आहे! कोळ्याला डंख मारायचा, पण मारून टाकायचं नाही; नुसतं लुळं करायचं. मग त्याला बिळात ओढून अंगावर एकच अंडं घालायचं. अळीला एकदम ताजा डबा!

जगात या कुलाच्या सुमारे ५,००० जाती आहेत. एखादी माशी कुठल्याच प्रजातीत बसेना, तर? मग मायक्रोस्कोपखाली पंखांच्या शिरा, पायांवरचे काटे, छातीच्या बाजूची खाच तपासा, म्युझियममधल्या नमुन्यांशी ताडून बघा. हल्ली डीएनएही बघतात. नव्या प्रजातीचं नाव जाहीर करताना तिची एक प्रातिनिधिक जाती ठरवावीच लागते. १९३० नंतरच्या नावांना तो नियमच आहे.

मला यातली गंमत वाटते ती हीच, की नवी प्रजाती नुसती सापडत नाही, ती टेबलावर सिद्ध करावी लागते. पण त्यासाठी माशी आधी जंगलात उरायला हवी ना! शेजारचं तुंगारेश्वर २००३ साली अभयारण्य झालं. कामणमध्ये मात्र गाळे आणि गोदामं उभी राहिली. बिननावाची माशी कुठल्याच यादीत नसते. ती गेली, तरी कुणाला कळणार?