चरबी, वीज आणि हृदयाचा ठोका

लठ्ठपणामुळे हृदयावर ताण येतो असं म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर पंप असतो. ओझं वाढलं, पंप दमला. त्या पंपाला ठोका देणारी वीज मात्र विचारातून निसटते, आणि तिथलं नुकसान आपण फार कमी लेखतो. ईसीजीच्या कागदावर प्रत्येक उंच टोकाआधी एक छोटा उंचवटा दिसतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून, म्हणजे कर्णिकांमधून, वीज गेल्याची ती खूण. अॅट्रियल फिब्रिलेशन या विकारात हा उंचवटाच नाहीसा होतो. रेघ थरथरत राहते, ठोके वेडेवाकडे पडतात. कर्णिकेत रक्त साकळतं आणि गुठळी मेंदूपर्यंत गेली तर पक्षाघात होतो. यात चरबीचा संबंध अगदी थेट आहे. हृदयाला लगटून असलेली चरबी आणि हृदयाचा स्नायू यांच्यामध्ये पडदाच नसतो. ही चरबी वाढली की दाह वाढवणारी रसायनं स्नायूत झिरपतात. ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या संशोधकांना लठ्ठ केलेल्या मेंढ्यांमध्ये चरबीच्या पेशी थेट डाव्या कर्णिकेच्या भिंतीत शिरलेल्या दिसल्या, आणि तिथून वीज संथ, अडखळत जात होती. पाटात ढेकळं पडली की पाण्याला फाटे फुटतात, तशी ती भरकटते.

यावर आक्षेप असा की खरा दोष रक्तदाबाचा आणि मधुमेहाचा. वजन नुसतं सोबतीला असतं. पण अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम पाहणीच्या २००४ सालच्या अहवालात हे घटक हिशोबात धरूनही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन मोजणारा अंक) एकाने वाढला की या विकाराचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढलेला दिसला. बारीक माणसांनाही हा विकार होतो, हे खरंच आहे. वय आणि झडपांचे आजारही त्याला कारण ठरतात. शिवाय बारीक दिसणं फसवं असतं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांचा बीएमआय सारखाच, २२.३ होता, चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. तेव्हा आपल्याकडे नुसत्या काट्यावर विसंबणं धोक्याचं आहे.

सर्वांत भक्कम पुरावा मला वजन उतरल्यावर काय होतं, यात दिसतो. अॅडलेडमध्येच या विकाराच्या १५० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. रक्तदाबासारख्या धोक्यांवर दोन्हीकडे उपचार झाले, तरी वजन उतरवण्यावर भर दिलेल्या गटाचा त्रास जास्त कमी झाला. पुढे २०१५ च्या अभ्यासात १० टक्के किंवा अधिक वजन घटवून ते टिकवणाऱ्यांपैकी ४६ टक्के रुग्ण औषधांशिवाय लयीत राहिले. ज्यांचं वजन ५ टक्क्यांहून जास्त खालीवर होत राहिलं, त्यांचा हा फायदा काही अंशी ओसरला.